हॉवर्थिया : वाढ किती, आकार केवढा?

दिल्ली, नोएडा व गुरुग्राम येथील रोपवाटिकांत, चहाच्या पेल्याएवढ्या कुंडीत लावलेले एक ठेंगणे रोप हमखास दृष्टीस पडते. त्याची पाने जाड, टोकदार व गर्द हिरवी असून त्यांवर पांढऱ्या उंचवट्यांच्या आडव्या पट्ट्या असतात. हे रोप हॉवर्थिया या नावाने विकले जाते. ते घरी आणल्यावर सहा महिने लोटले, तरी जसेच्या तसेच दिसते. मग घरातील मंडळी त्यास अधिक पाणी देतात, खत घालतात, मोठ्या कुंडीत हलवितात. आणि एके दिवशी रोप बुंध्याशी कुजून अलगद हातात येते. अशी रोपे उपेक्षेने क्वचित मरतात. बहुधा ती घाईने मरतात. म्हणूनच त्यांची वाढ कोणत्या गतीने होते व कोठे थांबते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ द्युवाल यांनी १८०९ मध्ये, एड्रियन हार्डी हॉवर्थ या इंग्रज अभ्यासकाच्या सन्मानार्थ, या वंशाचे नामकरण केले. २०१३ मध्ये पट्टेरी जाती त्यातून वेगळ्या काढून हॉवर्थिऑप्सिस या वंशात घालण्यात आल्या. बाजारात मात्र जुनेच नाव रूढ आहे. सर्वत्र आढळणारी जात अॅटेन्युएटा ही होय. तिचे मूळ स्थान दक्षिण आफ्रिकेचा ईस्टर्न केप प्रांत. तेथे ती झुडपांच्या व खडकांच्या आडोशाने राहते. पूर्ण वाढलेल्या पर्णगुच्छाचा व्यास साधारणतः १० ते १५ सेंटिमीटर भरतो. बाजूस फुटलेल्या लहान पिलास हा आकार गाठण्यास चार-पाच वर्षे सहज लागतात. त्यानंतर गुच्छ फारसा रुंदावत नाही. वनस्पतीची वाढ नवी पिले फुटण्याकडे वळते आणि एकाचे अनेक गुच्छ होतात.

येथे एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. हॉवर्थियाचा ठेंगणेपणा कुंडीच्या लहानपणामुळे येत नाही. तो आनुवंशिक आहे. पिंपात लावले तरी ते वृक्ष होणार नाही. याउलट, त्याच फळीवर तेवढ्याच कुंडीत ठेवलेली दुसरी रोपे मोठ्या वनस्पतींची बालके असू शकतात. जेड नावाने विकली जाणारी क्रॅसुला कालांतराने पुरुषभर उंचीचे झुडूप होते. घायपाताचा गुच्छ माणसाच्या उंचीहून रुंद पसरतो. अमेरिकेतील सग्वारो हा निवडुंग पहिल्या आठ वर्षांत जेमतेम तीन-चार सेंटिमीटर वाढतो, पण अखेरीस १२ मीटरहून उंच जातो. तेव्हा सावकाश वाढणे व लहान राहणे या भिन्न गोष्टी आहेत. रोप विकत घेताना त्याचा आजचा आकार न पाहता त्याची जात विचारावी.

मग हॉवर्थियाची वाढ इतकी मंद का? याच्या उत्तराचा एक धागा भारतातच सापडला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांच्या ध्यानी आले की, पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते, दुपारी बेचव होते व संध्याकाळी किंचित कडवट लागते. त्यांचे हे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने प्रसिद्ध केले. (पानफुटीत विषारी द्रव्ये असतात, हा प्रयोग कोणी चव घेऊन करू नये.) पुढे त्याचा उलगडा झाला. बहुतेक वनस्पती दिवसा पर्णरंध्रे उघडून कार्बन डाय-ऑक्साइड घेतात. पानफुटी, हॉवर्थिया इत्यादी मांसल वनस्पती ती प्रामुख्याने रात्री उघडतात, आत आलेला वायू मॅलिक अम्लाच्या रूपाने साठवितात आणि दिवसा रंध्रे मिटून सूर्यप्रकाशात त्याचे अन्न बनवितात. सामान्य वनस्पतीस एक ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड मिळविण्यासाठी सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम पाणी बाहेर टाकावे लागते. मांसल वनस्पतींचे काम ५० ते १०० ग्रॅममध्ये भागते. परंतु पेशींतील साठवणीची जागा ठरलेली असते. रात्रीची साठवण बेताची, म्हणून दिवसाची कमाईही बेताची. पाण्याच्या काटकसरीची किंमत वनस्पती संथ वाढीच्या रूपाने मोजते.

दिल्लीच्या हवेत ही कमाई वर्षभर सारखी होत नाही. मे-जूनमध्ये दिवसाचे तापमान ४० अंश सेल्सिअसवर जाते आणि रात्रीही पुष्कळदा २५ अंशांखाली उतरत नाही. अशा उष्ण रात्री रंध्रे नीट उघडत नाहीत व श्वसनात साठा खर्च होतो. रोप जणू झोपी जाते. जुलै ते सप्टेंबर या काळात हवा दमट असते, माती वाळत नाही आणि मुळे कुजण्याचे भय सर्वांत अधिक असते. जानेवारीत पहाटेचे तापमान ७-८ अंशांपर्यंत उतरते; धुके व धुरकट हवा यांमुळे प्रकाशही उणावतो. उरतात दोन अल्प ऋतू : ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते एप्रिलचा आरंभ. रोपास पाणी द्यावयाचे ते मुख्यतः याच काळात, तेही माती पूर्ण वाळल्यावर. मातीत भरड वाळू किंवा विटांचा चुरा मिसळावा. इतर दिवसांत रोप स्तब्ध दिसले, तर ते आजारी आहे असे समजू नये.

शाळांतील विद्यार्थ्यांना ही वाढ मोजून पाहता येईल. दर महिन्यास पाणी देण्यापूर्वी पट्टीने गुच्छाचा व्यास दोन दिशांनी मोजावा, पाने मोजावीत आणि प्रारंभी सर्वांत आतील पानावर शाईचा ठिपका द्यावा. ठिपक्याच्या आत किती नवी पाने आली, हीच खरी वाढ. केवळ व्यासावर विसंबू नये. कारण पाणी मिळताच पाने फुगतात व तहानेने आक्रसतात. अंधाऱ्या खोलीत रोप भराभर उंच होऊ लागले, पाने फिकट व विरळ झाली, तर ती वाढ नव्हे. ती प्रकाशासाठी चाललेली धडपड होय. असे रोप उजेडात आणावे, परंतु दुपारच्या कडक उन्हापासून जपावे.

या मंद गतीचा आणखी एक अर्थ आहे. २०१९ पासून दक्षिण आफ्रिकेच्या रुक्ष प्रदेशातून कोनोफायटमसारखी बोटभर उंचीची मांसल रोपे चोरून उपटण्याचे प्रमाण फार वाढले. तेथील अधिकाऱ्यांनी अशी लाखो रोपे जप्त केली. अंगठ्याएवढे दिसणारे रानातील रोप कित्येक वर्षांचे असू शकते. ते उपटण्यास एक क्षण पुरतो, पण त्याची जागा भरून येण्यास तितकीच वर्षे लागतात. हॉवर्थियाच्या बाबतीत तर अशा लुटीची गरजच नाही. एका कुंडीतील पिले वेगळी करून शाळेतील साऱ्या वर्गास रोपे देता येतात. त्यासाठी लागतो तो केवळ थोडा धीर.