चेंडू ताब्यात ठेवला म्हणजे सामना जिंकला?

अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्यांत एक समज पक्का रुजलेला आहे. झटपट आक्रमण डोळ्यांना सुखावतं खरं, पण मोठे सामने जिंकले जातात ते चेंडू ताब्यात ठेवून आणि वेळ खाऊन, असं ते मानतात. पुरावा म्हणून हटकून पुढे केला जातो तो २७ जानेवारी १९९१ रोजी टॅम्पात झालेला पंचविसावा सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना. एकीकडे बफेलो बिल्स होते. प्रत्येक चालीआधी घोळका करून मसलत करायची, म्हणजे ‘हडल’ घ्यायची, पद्धतच त्यांनी सोडून दिली होती आणि आदल्याच सामन्यात रेडर्सना ५१-३ असं लोळवलं होतं. दुसरीकडे न्यूयॉर्क जायंट्स, संथ आणि दणकट, तेही दुखापतग्रस्त फिल सिम्सच्या जागी आलेल्या जेफ हॉस्टेटलर या राखीव क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमणाच्या सूत्रधाराच्या, भरवशावर. ६० मिनिटांपैकी ४० मिनिटं ३३ सेकंद चेंडू जायंट्सकडे राहिला आणि ते २०-१९ ने जिंकले. झालं, सिद्धांत तयार! पण याच सामन्यात शेवटचे आठ सेकंद उरले असताना बिल्सच्या स्कॉट नॉरवुडने ४७ यार्डांवरून मारलेली किक खांबांच्या उजवीकडून गेली. ती आत गेली असती, तर चेंडू जेमतेम १९ मिनिटं हाती असलेला संघ विजेता ठरला असता आणि आज उलटाच सिद्धांत कानावर आला असता.

मुळात वेळेचा ताबा हे बऱ्याच अंशी चांगल्या खेळाचं फळ आहे, कारण नव्हे. या खेळात एका संघाने गुण केले किंवा त्याचं आक्रमण अडलं, की चेंडू दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे दोन्ही संघांना आक्रमणाच्या संधी जवळपास सारख्याच मिळतात. फरक पडलाच तर एखाद-दुसऱ्या संधीचा. म्हणून एक संधी किती मिनिटं चालली यापेक्षा तिच्यातून किती गुण निघाले, हे महत्त्वाचं. जायंट्सची तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीची ७५ यार्डांची चढाई ९ मिनिटं २९ सेकंद चालली, म्हणून ती गाजली. पण मध्येच ती संपल्यात जमा होती. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचे असतात. इथे तिसऱ्या प्रयत्नाला तब्बल १३ यार्ड हवे होते. मार्क इनग्रॅमने छोटासा पास झेलला, अंगावर आलेल्या एकेकाला हुलकावणी दिली आणि १४ यार्ड काढले. तो दोन यार्ड आधी पडला असता, तर ‘घड्याळ खाणारी चढाई’ तिथेच आटोपली असती. तिला लांबवलं ते संथपणाने नव्हे, अवघड प्रयत्न पार पाडण्याच्या कौशल्याने.

मग संथ खेळण्याला काही अर्थच नाही का? आहे, पण तो वेगळा. संथ खेळामुळे दोघांच्याही एकूण संधी घटतात आणि संधी घटल्या की नशिबाचा वाटा वाढतो. कसोटीत ज्यांच्यापुढे उभं राहणं कठीण, त्यांना वीस षटकांत एखाद्या दिवशी हरवता येतं, तसंच हे. बिल्सचं पारडं जड मानलं जात होतं, म्हणून सामना आखूड करणं जायंट्सच्या फायद्याचं होतं. तेव्हा त्यांच्या बचावाची आखणी करणाऱ्या बिल बेलिचिकने जास्तीत जास्त खेळाडू पास अडवायला मागे ठेवले आणि धावण्याची वाट जवळजवळ मोकळी सोडली. बिल्सच्या थर्मन थॉमसने १५ धावांत १३५ यार्ड कमावले. तरी घड्याळ पळत राहिल्याने बेलिचिकला हा सौदा परवडला. पण उलटा निष्कर्षही यातूनच निघतो, आणि तो सहसा सांगितला जात नाही. तुमचा संघ वरचढ असेल, तर सामना आखूड करणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

यावर आक्षेप येतो तो बचाव फळीच्या थकव्याचा. आक्रमण झटपट आटोपलं, की आपलेच गडी धापा टाकत पुन्हा मैदानात. यात तथ्य आहे. पण तीन चालींत अडलेल्या आक्रमणाने प्रत्येक चालीआधी हडल घेतला असता, तरी विश्रांती वाढली असती एखाद मिनिटाने. बचाव फळीला खरा विसावा देणारी गोष्ट एकच: समोरच्याला लवकर अडवणं. शिवाय वेगाचा ताण समोरच्यावर जास्त पडतो. आक्रमण करणाऱ्यांनी खेळाडू बदलला नाही, तर बचाव करणाऱ्यांनाही बदलायला पुरेसा वेळ मिळत नाही, आणि दमलेला अवजड गडी तसाच उभा राहतो.

झटपट खेळ म्हणजे क्वार्टरबॅकचं राज्य, हाही अर्धवट समज. बिल्सचा जिम केली स्वतः चाली ठरवायचा, हे खरं. मात्र १९९४पासून एनएफएल या लीगमध्ये क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ आहे आणि चाल सुरू करण्याच्या मुदतीतले १५ सेकंद उरेपर्यंत प्रशिक्षकाचा आवाज त्याच्या कानात असतो. संघ लवकर रांगेत उभा राहिला, तर समोरची मांडणी पाहून सूचना द्यायला प्रशिक्षकालाच जास्त वेळ मिळतो. म्हणजे वेगाने प्रशिक्षकाची पकड सैल होण्याऐवजी घट्टही होऊ शकते. वेग म्हणजे नुसती पासांची आतषबाजी, हेही चूक. प्रशिक्षक चिप केलीच्या २०१३च्या फिलाडेल्फिया ईगल्सइतका घाईचा खेळ तेव्हा क्वचितच दिसे. धावून मिळवलेल्या यार्डांत त्या मोसमात लीगमध्ये पहिले तेच होते.

आणि हडल टाळला म्हणजे घाई झाली, असंही नाही. इंडियानापोलिस कोल्ट्सचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग रांगेत उभा राहून हातवारे करत, चाल बदलत अनेकदा मुदतीचे शेवटचे सेकंद वापरायचा. हडल नाही, पण घाईही नाही. २१ सप्टेंबर २००९ रोजी मायामीत डॉल्फिन्सनी त्याच्याविरुद्ध ४५ मिनिटं ७ सेकंद चेंडू आपल्याकडे ठेवला. कोल्ट्सच्या पहिल्याच चालीवर डॅलस क्लार्कने ८० यार्डांचा टचडाउन केला आणि शेवटची तीनेक मिनिटं उरली असताना पिएर गार्सोंने ४८ यार्डांचा. जेमतेम पंधरा मिनिटं चेंडू हाती असलेले कोल्ट्स २७-२३ ने जिंकले.