शिवराज पाटील चाकूरकर : वकिली, अध्यक्षपद आणि गृहमंत्रिपद

प्रस्तावना :

लातूर जिल्ह्याच्या राजकारणाचा विचार करताना एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. शिवाजीराव पाटील निलंगेकर, शिवराज पाटील चाकूरकर आणि विलासराव देशमुख हे जिल्ह्यातील तीनही मोठे नेते कायद्याचे पदवीधर होते. यांपैकी कायद्याची शिस्त ज्यांच्या सार्वजनिक जीवनाचा स्थायीभाव बनली ते चाकूरकर होत. या शिस्तीने त्यांना एका पदावर यश दिले आणि दुसऱ्या पदावर अडचणीत आणले. प्रस्तुत लेखात त्यांच्या कारकिर्दीचा या दृष्टीने विचार केला आहे.

जडणघडण :

शिरूर अनंतपाळच्या शेजारील चाकूर येथे १२ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांचा जन्म झाला. तेव्हा हा भाग हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले त्या वेळी ते तेराव्या वर्षात होते. उस्मानिया विद्यापीठातून विज्ञानाची व मुंबई विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन त्यांनी लातुरात वकिली केली. त्यांचा राजकीय प्रवेश मात्र नगरपालिकेतून झाला. १९६७ मध्ये ते लातूरचे नगराध्यक्ष झाले. १९७३ पासून विधानसभेवर असताना त्यांनी उपमंत्री म्हणून विधी व न्याय, पाटबंधारे ही खाती पाहिली. मार्च १९७८ मध्ये ते विधानसभेचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये वसंतदादा पाटलांचे सरकार जाऊन शरद पवारांचे पुलोद सरकार आले, तरी डिसेंबर १९७९ पर्यंत अध्यक्षपदी तेच राहिले.

१९८० ते १९९९ या काळात ते लातूर मतदारसंघातून सलग सात वेळा लोकसभेवर निवडून आले. संरक्षण, वाणिज्य, विज्ञान व तंत्रज्ञान, नागरी विमान वाहतूक अशी खाती त्यांनी राज्यमंत्री म्हणून सांभाळली.

लोकसभेचे अध्यक्षपद :

जुलै १९९१ ते मे १९९६ हा त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत फलदायी कालखंड मानावा लागेल. दहाव्या लोकसभेत प्रारंभी सत्ताधारी पक्षाला स्वतःचे बहुमत नव्हते. अशा सभागृहात अध्यक्षाच्या प्रत्येक निर्णयाकडे संशयाने पाहिले जाण्याची शक्यता असते.

या काळातील महत्त्वाची घडामोड म्हणजे विभागनिहाय स्थायी समित्यांची स्थापना होय. खात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांपैकी थोड्याच मागण्यांवर सभागृहात चर्चा होई. उरलेल्या मागण्या अखेरच्या दिवशी चर्चेविना मंजूर केल्या जात. म्हणजे ज्या खर्चाला संसद संमती देत होती, त्याचा बराचसा भाग तिने तपासलेलाच नसे. १९८९ मध्ये कृषी, विज्ञान व तंत्रज्ञान, पर्यावरण व वने या विषयांसाठी तीन समित्या नेमल्या गेल्या होत्या. एप्रिल १९९३ मध्ये त्यांच्या जागी सतरा समित्या आल्या. प्रत्येक समितीत लोकसभेचे तीस व राज्यसभेचे पंधरा सदस्य असत. अर्थसंकल्पावरील सर्वसाधारण चर्चेनंतर सभागृह काही काळ स्थगित राहते, त्या अवधीत समित्या मागण्यांची छाननी करून अहवाल देतात. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, ही या व्यवस्थेची उणीव आहेच. तथापि बंद दाराआड, दूरदर्शनच्या कॅमेऱ्याशिवाय, पक्षभेद काहीसा बाजूला ठेवून चालणारे काम ही वकिली वळणाच्या अध्यक्षाला रुचणारीच गोष्ट होती. गंमत अशी की, डिसेंबर १९९४ मध्ये प्रश्नोत्तराच्या तासाचे थेट प्रक्षेपण सुरू झाले तेही त्यांच्याच काळात.

मे १९९३ मध्ये न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव लोकसभेपुढे आला. सर्वोच्च न्यायालयाच्या विद्यमान न्यायाधीशाबाबत असा प्रसंग स्वतंत्र भारतात प्रथमच उद्भवला होता. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी पूर्ण केली होती. प्रस्ताव सोमनाथ चटर्जी यांनी मांडला आणि न्यायमूर्तींच्या वतीने कपिल सिब्बल यांनी बाजू मांडली. सभागृहाला काही तास न्यायालयाचे रूप आले, आणि त्याचे संचालन करणारे अध्यक्षही वकीलच होते. मतदानात प्रस्तावाच्या बाजूने १९६ मते पडली. विरोधात एकही मत पडले नाही, परंतु २०५ सदस्य तटस्थ राहिले. एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आवश्यक असल्याने प्रस्ताव फेटाळला गेला. प्रक्रिया निर्दोष पार पडली, परंतु तिच्यातून जो निर्णय अपेक्षित होता तो निघाला नाही. रामस्वामी पदावर कायम राहिले आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये निवृत्त झाले.

पक्षांतरबंदी कायद्याखालील अध्यक्षांचे निर्णय न्यायालयीन पुनर्विलोकनास पात्र आहेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा किहोटो होलोहान निकालही १९९२ चाच. त्यामुळे पक्षांतरप्रकरणी न्यायाधीशाच्या भूमिकेत बसणाऱ्या अध्यक्षाला आपल्या निर्णयाची कारणे अधिक काटेकोरपणे द्यावी लागणार होती.

गृहमंत्रिपद :

२००४ च्या निवडणुकीत लातूरमध्ये भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांनी त्यांचा पराभव केला. त्या शिवाजीराव निलंगेकरांच्या सून होत. तरीही मे २००४ मध्ये चाकूरकर केंद्रीय गृहमंत्री झाले आणि पुढे राज्यसभेवर गेले. जनतेने नाकारलेल्या उमेदवाराला इतके महत्त्वाचे खाते द्यावे काय, हा प्रश्न तेव्हा उपस्थित झाला होता. राज्यघटनेत त्यास मनाई नाही, पण राजकीय औचित्याचा प्रश्न केवळ घटनेतील तरतुदीने मिटत नाही.

पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यसूचीतील विषय आहेत. मर्यादांचे हे भान ही वकिलाची सवय असते. परंतु बॉम्बस्फोटानंतर लोक अधिकारक्षेत्राचे विवेचन ऐकायला तयार नसतात. सप्टेंबर २००८ मधील दिल्लीच्या स्फोटांनंतर त्यांच्या बदललेल्या पोशाखावरून जी टीका झाली, ती उथळच म्हणावी लागेल. मात्र तिच्यामागील असंतोष खरा होता. २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यानंतर, ३० नोव्हेंबर २००८ रोजी त्यांनी पदाचा राजीनामा दिला. त्यांच्यानंतर आलेले पी. चिदंबरम हेही वकीलच. डिसेंबर २००८ मध्ये संसदेने राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा केला आणि त्यामुळे विशिष्ट गुन्ह्यांच्या तपासात केंद्राला थेट उतरण्याचा अधिकार मिळाला.

जानेवारी २०१० पासून पाच वर्षे ते पंजाबचे राज्यपाल व चंडीगडचे प्रशासक होते. १२ डिसेंबर २०२५ रोजी लातूर येथे त्यांचे निधन झाले. १९९३ मध्ये सतरा असलेल्या स्थायी समित्यांची संख्या २००४ मध्ये चोवीस झाली. मंत्रालयांच्या मागण्या आजही त्यांच्याकडे जातात, मात्र विधेयक समितीकडे पाठवणे सक्तीचे नाही.