पाहुण्यांची गादी

पावसाळ्यातल्या शनिवारी सकाळी निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात उभे राहिले, की लोणावळ्याकडे निघालेल्या गाड्या मोजता मोजता माणूस थकतो. यातले कितीतरी जण भाड्याच्या बंगल्यात मुक्काम करतात. असे बंगले पाहुण्यांना देणारी मंडळी आपल्या प्राधिकरणातही भेटतात. आज बोलायचे आहे ते त्यांच्याशी. धबधबा आणि गरम भजी यांचे कौतुक सगळेच करतात, गादीची चौकशी कोणी करत नाही. मात्र रात्री दोन वाजता दमेकरी मुलाची छाती घरघरू लागली आणि बाहेर पाऊस कोसळत असला, की आईला दुसरे काही सुचत नाही.

या त्रासाचे मूळ पुष्कळदा त्या गादीतच असते. तिथे माइट नावाचा जीव राहतो. तो कोळ्याच्या कुळातला, मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा. तो चावत नाही. आपल्या अंगावरून झडणारे त्वचेचे कण खातो. त्याच्या विष्ठेचे कण श्वासात गेले, की ऍलर्जी असणाऱ्याला शिंका सुरू होतात, धाप लागते. धुळीच्या ऍलर्जीमागे हा प्राणी आहे, असे हॉलंडमधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६४ साली मांडले. तो पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून जगतो. मग लोणावळ्याचा जुलै त्याला किती मानवत असेल!

आपल्याकडे यावर एक जुना इलाज होता, तो म्हणजे पिंजारी. नदाफ या आडनावाचा अरबी अर्थच कापूस पिंजणारा. बगदादच्या सूफी मन्सूर हल्लाजच्या नावातला 'हल्लाज'ही तोच. दर काही वर्षांनी गादी उसवायची, कापूस उन्हात घालायचा, पिंजून नव्या खोळीत भरायचा. (पिंजताना उडणारी धूळ मात्र दमेकऱ्याने लांबूनच बघावी.) आता फोमची गादी एकदा आणली, की दहा वर्षे तिच्याकडे कोणी बघत नाही.

दुकानात 'ऍलर्जीमुक्त' अशी चिठ्ठी लावलेल्या उशा मिळतात. त्या चिठ्ठीवर फार विसंबू नये. १९९६ साली न्यूझीलंडमध्ये उशा तपासल्या, तर पिसांच्या उशांपेक्षा पॉलिस्टरच्या उशांत माइटचा अंश जास्त निघाला. पिसे बाहेर येऊ नयेत म्हणून त्या उशांचे कापड घट्ट विणलेले असते, हे त्याचे संभाव्य कारण. तेव्हा आत काय भरले आहे याइतकेच वरच्या कापडाकडेही पाहा. गादीला आणि उशीला घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घाला. अर्थात खोळ म्हणजे औषध नव्हे. नुसत्या खोळींनी प्रौढ दमेकऱ्यांना फारसा गुण येत नाही, असे २००३ साली इंग्लंडमधल्या एका मोठ्या पाहणीत दिसले.

म्हणून धुणे आणि वाळवणे याला पर्याय नाही. चादरी, अभ्रे आणि पांघरुणे साठ अंश गरम पाण्यात धुवावीत. तेवढ्या उष्णतेत माइट मरतात आणि त्यांची घाणही धुऊन जाते. ऊन असेल तेव्हा गाद्या दोन्ही बाजूंनी कडकडीत वाळवाव्यात, झटकाव्यात आणि दव पडायच्या आत घरात घ्याव्यात. जाड रजईऐवजी धुता येईल अशी सोलापुरी चादर बरी. पावसाळ्यात जादा गाद्या दिवाणाच्या पेटीत कोंबू नयेत, तिथे ओल धरते.

ओलीचा वास लपवायला आपण उदबत्ती लावतो, डांबराच्या गोळ्या टाकतो, सुगंधी फवारा मारतो. अत्तराचा मीही शौकीन आहे, पण दमेकऱ्याच्या खोलीत हे काहीच नको. त्या धुराने आणि वासानेच धाप लागू शकते. खिडक्या उघडा, पंखा लावा.

आणि बंगला ठरवताना फोनवरच विचारून घ्या: कोणाला दमा, ऍलर्जी आहे का? असल्यास, पंप बरोबर आणायची आठवण करा आणि जवळचा दवाखाना कुठे आहे तेही सांगून ठेवा. काही पाहुणे स्वतःची उशी घेऊन येतात. त्याचा राग मानू नका, आपली उशी मुकाट्याने कपाटात ठेवा.