बिबट्या परवडला, सुरवंट नको!

पवईकराला विचारा, तुमच्याकडे भीती कशाची? उत्तर ठरलेलं: आयआयटीच्या आवारात डोकावणारा बिबट्या आणि तलावातली मगर. दोघांचे व्हिडिओ फिरतात, दोघांच्या बातम्या होतात. मात्र पावसाळ्यात मानेवर नि दंडावर गांधी उठवून कराकरा खाजवणारा माणूस भेटला, तर तो या दोघांचा बळी नसतो. त्याला छळणारा बोटाएवढा असतो आणि बहुतेक वेळा सोसायटीच्या शेवग्यावर मुक्कामाला असतो. नाव सुरवंट. कोकणातली आजी सोबत असेल तर घुला.

पहिली गंमत म्हणजे तो चावत नाही. तोंड आहे, पण ते पानं नि साल कुरतडायला. खाज सुटते ती अंगावरच्या केसांमुळे, आणि त्यातही दोन घराणी आहेत. एका घराण्याचे काटे पोकळ, त्यांच्या बुडाशी विषाची ग्रंथी. काटा टोचला की टोक मोडतं, विष आत जातं, क्षणात आग होते. नारळ, आंबा, बदाम यांच्या पानांवर दिसणारी हिरवीगार, पाठीवर निळा पट्टा असलेली काटेरी अळी या घराण्यातली. दिसायला इतकी देखणी, की लहान मूल हमखास बोट लावतं. दुसऱ्या घराण्याचे केस सुटे. अंगापासून अलगद तुटतात, वाऱ्यावर उडतात आणि कातडीत जाऊन रुततात. यांची खाज सावकाश येते, तासाभराने, कधी रात्री अंथरुणात. तोवर आपण गुन्हेगार म्हणून ढेकणाला पकडलेलं असतं.

शेवग्यावरचा सुरवंट हे आपलं घरचंच प्रकरण. ‘युप्टेरोटी मॉलिफेरा’ असं भारदस्त नाव असलेल्या पतंगाची ही पिल्लं. रात्री झाडावर चरायचं आणि दिवसा सगळ्यांनी मिळून खोडाला चिकटून बसायचं, ही त्यांची रीत. लांबून पाहिलं तर खोडावर कुणी घोंगडी वाळत घातलीय असं वाटतं. त्या घोंगडीला टेकलात, की पुढचे दोन दिवस कॅलामाइनचे!

आणि टेकायलाच हवं असंही नाही. झाडाखालच्या दोरीवर वाळत घातलेला टॉवेल पुरतो. केस कपड्यात अडकतात, कपडा अंगाला लागतो, आणि सुरवंटाचं तोंडही न पाहता अख्खं घर खाजवू लागतं. सुरवंट मेला तरी सुटका नाही. त्याची टाकलेली कात, त्याचा कोष, वाळलेलं कलेवर, सगळ्यात ते केस शाबूत असतात. कोष विणताना कित्येक जाती आपलेच केस त्यात गुंफतात.

महाराष्ट्राने हे नाट्य मोठ्या पडद्यावर पाहिलं ते 2022 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. बीडच्या आष्टी तालुक्यात उसाच्या फडात काम करणाऱ्या शेतकऱ्यांना एका अळीचा स्पर्श झाला, वेदना असह्य झाल्या, काहींना दवाखान्यात न्यावं लागलं. अळीला ‘घोणस अळी’ म्हणू लागले आणि निम्मी दहशत त्या नावानेच पसरवली. उरलेली व्हॉट्सअ‍ॅपने. माणूस पाच मिनिटांत मरतो इथपर्यंत मजल गेली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या कीटकतज्ज्ञांना खुलासा करावा लागला, की ही स्लग कॅटरपिलर जातीची अळी आहे, ती मुद्दाम कुणाला चावायला येत नाही, आणि घाबरण्यापेक्षा काळजी घ्या. म्हणजे ती आपल्या बदामावरच्या हिरव्या सुंदरीची भाऊबंदच.

आयुर्वेदालाही ही खाज ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विषारी कीटकांची यादी आहे. त्यातल्या ‘शूकवृंता’ या कीटकाचं लक्षण असं दिलंय: खाज आणि गांधी वाढतात, आणि त्या जागी बारीक कुसं दिसतात. आजच्या त्वचारोगतज्ज्ञाने भिंग लावून केलेलं निदान याहून फार वेगळं नसतं.

फ्रान्सचे कीटकप्रेमी जाँ-आँरी फाब्र तर एक पाऊल पुढे. पाइनच्या झाडावरचे सुरवंट एकामागोमाग रांगेत चालतात हे पाहून त्यांनी 1896 मध्ये एका मोठ्या कुंडीच्या काठावर त्यांची गोल रांग जुळू दिली. पुढारी कोण हेच कुणाला कळेना. सात दिवस सगळे गोल गोल फिरत राहिले. एवढ्याने समाधान होईना म्हणून फाब्र यांनी सुरवंटांच्या कातींचा अर्क काढला आणि स्वतःच्याच हाताला बांधून रात्र काढली. हात सुजला, आग झाली. प्रयोग यशस्वी! शास्त्रज्ञ असावा तर असा, शेजारी असू नये.

आता थोडं भ्यायला हवं अशी गोष्ट. ब्राझीलमध्ये ‘लोनोमिया’ नावाचा सुरवंट आहे. त्याचं विष रक्त गोठण्याची व्यवस्थाच बिघडवतं, माणूस रक्तस्रावाने दगावू शकतो. साओ पावलोच्या बुतांतान संस्थेने त्यावर खास प्रतिविष तयार केलंय. पवईत तो नाही, निश्चिंत राहा. मुळात फुलपाखरं आणि पतंग मिळून जगात दीड लाखाहून जास्त जाती, आणि त्यातल्या माणसाला त्रास देणाऱ्या फार थोड्या. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, 2015 पासून मानकरी. त्याची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते, अंगावर केस नाहीत, खुशाल हातावर घ्या.

पवईचा अळ्यांशी जुना घरोबाही आहे. तलाव 1891 चा, पण त्याच्या कितीतरी आधी इथे फ्रामजी कावसजी बनाजी यांचा मळा होता. 1830 मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी त्याबद्दल लिहिताना ऊस आणि निळीबरोबर तुतीच्या मोठ्या लागवडीचाही उल्लेख केलाय. तुती म्हणजे रेशीमकिड्याचं खाद्य, आणि वाढलेला रेशीमकिडा एकदम गुळगुळीत. पवईची पसंती तेव्हा बरी होती म्हणायची.

सुरवंटाच्या केसांना घाबरत नाही असा एक पाहुणा मात्र दर जूनमध्ये येतो. चातक! कवींनी त्याला फक्त पावसाच्या थेंबावर जगवला. खरा चातक केसाळ सुरवंट मटकावतो. पोटाच्या अस्तरात केस रुतून बसले, की कोकीळकुळातले पक्षी ते अस्तरच झटकून टाकतात. पावशाही त्याच पंगतीतला. विहार तलाव आणि नॅशनल पार्क शेजारी असल्याचा हा फायदा: आपली कीडनियंत्रण सेवा पंखांवरून येते, वार्षिक करार नाही.

सुरवंट लागलाच तर पहिला नियम: चोळायचं नाही. चोळलं की केस आणखी खोल जातात, आणि हाताला लागून दुसरीकडेही. साधी चिकटपट्टी त्या जागी हलकेच दाबून उचलायची, दोन-चार वेळा, दरवेळी नवी. मग साबण-पाणी, वर बर्फ. अंगावरचे कपडे थेट धुवायला. खाज फारच असेल तर डॉक्टर गोळी किंवा मलम देतात. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, तर घरगुती उपाय बंद आणि थेट हॉस्पिटल. डोळ्याची बाब सगळ्यात गंभीर. केसांना उलटे दाते असल्याने ते डोळ्यात आत आत सरकू शकतात, गाठी धरतात. नेत्रतज्ज्ञांनी 1904 मध्येच याला ‘ऑप्थाल्मिया नोडोसा’ असं नाव दिलंय. डोळ्यात काही गेल्याची शंका आली, तर न चोळता भरपूर पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

राहिली सोसायटीची मीटिंग. दरवर्षी कुणीतरी उठून म्हणतं, शेवगा तोडा. कुणी मशाल काढतं, कुणी खराटा. मशालीने आणि खराट्याने केस हवेत उडतात, म्हणजे आजवर एका झाडापुरती असलेली खाज चार मजल्यांना वाटून दिल्यासारखं होतं. शिवाय परवानगीशिवाय झाड तोडणं हा मुंबईत गुन्हा आहे. त्यापेक्षा पावसाळ्याचे ते काही आठवडे खोडाभोवती दोरी बांधा, मुलांना सांगा, माळीकाकांना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे द्या, आणि कपडे वाळत घालायची दोरी कृपया दुसरीकडे हलवा.