भाचीचा लॅपटॉप

इंदूरला बहिणीकडे गेले होते. भाचीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळालेला. लॅपटॉपसाठी बहिणीने भिशीचे पैसे राखून ठेवलेले. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये भाचीचे मन जडले ते एका पातळ, चंदेरी मॅकवर. ऑटोकॅड मॅकवर चालते हो. पण रेव्हिटला विंडोजच लागते! शिवाय पातळ लॅपटॉपांत रॅम बहुधा डाख देऊन पक्की बसवलेली, पुढे वाढवता येत नाही. लुमियनवर रेंडरिंग करायचे तर दमदार ग्राफिक्स कार्डही हवे. शेवटी १६ जीबी रॅमचा, एक स्लॉट रिकामा असलेला जाडजूड लॅपटॉप घेतला. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर्स विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, दरवर्षी नूतनीकरण करायचे एवढेच. बहिणीला हायसे वाटले. भाची मात्र फुरंगटली, “मावशी, ही वीट रोज कॉलेजात न्यायची?”