तीन पायांचा प्राणी चालतो कसा?

कागदावर तीन पायांचा, पाठीवर डोळे असलेला प्राणी कुणीही काढेल. पण त्याला चालवायचं कसं? 'स्पोअर' या गेमने हाच प्रॉब्लेम सोडवला. आणि गंमत म्हणजे, त्याचं कौतुक झालं ते या प्राण्यांमुळे, आणि टीका झाली तीही त्यांच्यामुळेच!

विल राइट यांच्या 'मॅक्सिस'चा हा गेम सप्टेंबर २००८ मध्ये आला. पेशीपासून अंतराळापर्यंत एकूण पाच टप्पे. त्यातला प्राणी बनवण्याचा भाग, 'क्रिएचर क्रिएटर', जूनमध्येच वेगळा मिळू लागला होता. चिखलाचा गोळा ओढावा तसा पाठीचा कणा ओढायचा, हात, पाय, तोंड चिकटवायचं, की प्राणी उठून चालायला लागतो! काही आठवड्यांतच लोकांनी दहा लाखांवर प्राणी बनवले.

हे जमलं कसं? एरवी अ‍ॅनिमेटरला प्राण्याचं शरीर आधीपासून माहीत असतं. इथे ते खेळणारा ठरवणार. म्हणून 'पंजा तोंडाजवळ ने' अशा सर्वसाधारण सूचना तयार केल्या आणि बाकीचा हिशोब कॉम्प्युटरवर सोडला. तो समोरच्या शरीराप्रमाणे प्रत्येक सांध्याची हालचाल ठरवतो. समीक्षकांनी याला मनापासून दाद दिली.

मग बिनसलं कुठे? प्राणी दिसतो कसा आणि जगतो कसा, यांचा संबंधच फारसा नव्हता. वेग ठरतो पायाला कुठला पार्ट लावला त्यावरून. पाय दोन की सहा, लांब की आखूड, काही फरक नाही! दोन तोंडं लावली म्हणून चावा दुप्पट होत नाही, सगळ्यात वरच्या लेव्हलचा पार्ट तेवढा मोजला जातो. 'सायन्स' या नियतकालिकात जॉन बोहॅनन यांनी २००८ मध्ये शास्त्रज्ञांची मदत घेऊन गेमला चक्क मार्क दिले, आणि उत्क्रांतीच्या पेपरात स्वारी गडगडली. साहजिकच आहे. निसर्गात निवड परिस्थिती करते, इथे खेळणारा पॉइंट देऊन पार्ट विकत घेतो.

आता दुसरी बाजू. शरीराचा खरा हिशोब लावला असता तर आपण बनवलेले बहुतेक प्राणी पहिल्याच पावलाला आडवे झाले असते! कुणाचाही प्राणी जगला पाहिजे, असं ठरवलं की आकाराचं महत्त्व कमी होणारच. मेटाक्रिटिकवर गेमची सरासरी ८४ आहे, पण त्या एका आकड्यात ही दोन्ही मतं झाकली जातात.

तरी मला टीकाच जास्त पटते. आपल्या ब्रँचमध्येही ड्रॉइंग शीट सुंदर असते, पण सर विचारतात, "लोड कुठे जातो?" जी रेघ बदलली तरी काहीच बदलत नाही, ती सजावट. बदलली की काहीतरी मोडतं किंवा सुधारतं, ते डिझाइन. स्पोअरचे प्राणी छानच होते, फक्त त्यांच्यावर लोड नव्हता.