कोळंबीचे रक्त आणि तळ्याचा बंदोबस्त

रोगप्रतिकारशास्त्राचा इतिहास लिहू लागले म्हणजे लेखणी बहुधा देवीच्या साथीपासून आरंभ करते; परंतु या शास्त्राची एक मोठी शाखा गोड्या पाण्यातील, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका कवचधारी जीवाच्या निरीक्षणातून वाढीस लागली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ईल्या मेच्निकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने १८८२ साली मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा खुपसला, तेव्हा त्या काट्याभोवती भटक्या पेशींची गर्दी झालेली त्याला दिसली होती. पुढे १८८४ मध्ये त्याने डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू, हिच्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. आतड्याची भिंत भेदून आत शिरलेल्या किण्वाच्या टोकदार बीजाणूंना पाणपिसवेच्या अंगातील पेशी गिळून टाकतात, आणि हे गिळणे जिथे अपुरे पडते तिथे किण्व फोफावून पाणपिसू मरते, हा सारा सामना त्याने सूक्ष्मदर्शकाखाली, ती जिवंत असतानाच पाहिला. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला पाउल एर्लिख यांच्यासमवेत विभागून मिळाले.

त्या पाणपिसवेची थोरली नातलग म्हणजे आपल्या नद्यांतून आणि खाड्यांतून सापडणारी, बाजारात स्कॅम्पी म्हणून विकली जाणारी गोड्या पाण्यातील महाकाय कोळंबी. तिचा संसार मोठा चमत्कारिक आहे. वाढते ती गोड्या पाण्यात. पण अंडी फुटण्याच्या सुमारास मादी खाडीच्या मुखाकडे उतरते, कारण पिल्लांना काही आठवडे मचूळ पाणी लागते. हे रहस्य १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत शाओ-वेन लिंग यांनी मलायात पेनांग येथे उलगडले, आणि ताकुजी फुजिमुरा यांनी तेथूनच कोळंबी हवाईत नेऊन तिचे बीज मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची रीत बसविली. तेव्हापासून शेतकऱ्याच्या तळ्यात जाणारे बीज बीजोत्पादन केंद्रातल्या टाक्यांतून येऊ लागले. रोगाने शिरण्याचा राजमार्गही तोच ठरला.

कोळंबीच्या अंगात सुई घालून रक्त काढले, तर ते तांबडे नसते; लोहाऐवजी तांबे वाहणाऱ्या हिमोसायनिनमुळे त्यावर फिकट निळसर झाक असते, आणि क्षणार्धात ते साकळते. या रक्तातल्या पेशी सूक्ष्मजंतूंना गिळतात, गिळण्यापलीकडच्या आकाराच्या शत्रूभोवती थरावर थर चढवून त्याला कोंडून टाकतात, आणि फेनॉलऑक्सिडेज नावाच्या विकराची साखळी चालू करून त्या जागी काळे मेलॅनिन ओततात. दुसरीच्या नांगीने जखमी झालेल्या कोळंबीच्या कवचावर जो काळा डाग दिसतो, तो बहुधा याच कारवाईचा अवशेष होय. मात्र आपल्या शरीरात जुन्या शत्रूच्या ओळखीचे जे दप्तर प्रतिपिंडांच्या रूपाने जतन केलेले असते, तसे तिच्यापाशी नाही. एकदा भेटलेला रोग दुसऱ्यांदा आला तर ती थोडी अधिक सावध असते, असे सुचविणारे प्रयोग झाले आहेत खरे. पण त्यांच्या भरवशावर माणसाला टोचतात त्या अर्थाने कोळंबीला लस टोचावी, असा धंदा अद्याप उभा राहिलेला नाही.

या उणिवेची किंमत किती पडते, हे श्वेतपुच्छ रोगाने दाखविले. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर तो प्रथम नोंदला गेला, आणि थोड्याच वर्षांत चीन, थायलंड, तैवान व भारत येथील बीजकेंद्रांत पोहोचला. काचेप्रमाणे आरपार दिसणाऱ्या बीजाच्या पोटाखालचे स्नायू आधी दुधाळ होतात, मग तो पांढरेपणा शेपटीपर्यंत पसरतो. पहिली पांढरी कोळंबी दिसल्यापासून पाचसहा दिवसांत अख्खी टाकी संपल्याचे दाखले आहेत. कारण एक नव्हे, दोन विषाणू: एक नोडाव्हायरस, आणि त्याहूनही लहान असा दुसरा, जो पहिल्याच्या आश्रयाने जगतो, कारण त्याच्यापाशी स्वतःची प्रत काढण्याचे विकर नाही. यातली मेख अशी की प्रौढ कोळंबी विषाणू अंगात बाळगूनही ठणठणीत दिसते आणि तो अंड्यांच्या वाटेने पुढच्या पिढीच्या हवाली करते. नुसत्या नजरेने आरोग्याची खातरजमा करणाऱ्याची इथे फसगत ठरलेलीच. आंध्रातल्या स्कॅम्पीच्या शेतीचा बहर पुढे ओसरला, त्याला या रोगाबरोबर खुरटलेली वाढ, निकृष्ट बीज, प्रतिजैविकांच्या अवशेषांवरून परदेशी नाकारला गेलेला माल, आणि २००९ नंतर आलेल्या व्हॅनामेई कोळंबीची ओढ अशी अनेक कारणे होती.

माशांची कैफियत निराळी. ते पृष्ठवंशीय, म्हणून त्यांच्यापाशी प्रतिपिंडे आहेत. मात्र अस्थिमज्जेचे काम बव्हंशी मूत्रपिंडाचा पुढचा भाग करतो, आणि अंगाची उष्णता पाण्याच्या उष्णतेवर अवलंबून असल्यामुळे गार पाण्यात हा प्रतिकार मंदावतो. तरी प्रतिपिंडे असल्यामुळे माशाला लस लागू पडते; नॉर्वेने सॅमन माशाला ती एकेक करून टोचली. १९८७ च्या सुमारास तेथे वर्षाला जवळपास ५० टन प्रतिजैविके खपत. लसी आल्या, उत्पादन कैक पटींनी वाढले, आणि प्रतिजैविकांचा वापर टनाच्याही खाली आला. हे उदाहरण आपल्याकडच्या व्याख्यानांतून फार सांगितले जाते, आणि ते सांगणारे हे विसरतात की सॅमनच्या भावात टोचण्याची मजुरी निघते. रोहू-कटल्याच्या बोटुकलीमागे ती निघणे कठीण.

आपल्या देशातील ठळक दाखला व्रणरोगाचा. १९८८ मध्ये तो ईशान्येकडील राज्यांतून भारतात शिरला आणि पुढे पश्चिमेकडे, दक्षिणेकडे सरकला. अॅफॅनोमायसिस इन्व्हॅडन्स ही बुरशीसारखी वनस्पती-प्राणी दोन्ही गटांत न बसणारी जीवजाती माशाच्या कातडीखालून स्नायूंत उतरते, आणि अंगावर लाल, खोल खड्डे पडतात. मरळ तिला सहज बळी पडतो. सायप्रिनस आणि तिलापिया बहुधा तग धरतात. हिवाळ्याच्या तोंडाशी पाणी गार होऊ लागले की रोग बळावतो, याची सबब वर आलीच आहे. यावर जुना, स्वस्त इलाज चुन्याचा. आणि भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील केंद्रीय संस्थेने सिफॅक्स हे औषध काढले, त्याचे माप एक मीटर खोल अशा एका हेक्टर पाण्याला एक लिटर.

अलीकडे दुकानांतून बीटा-ग्लुकान, जीवनसत्त्वे आणि ‘प्रतिकारशक्तीवर्धक’ अशी पाकिटे दिमाखात मांडलेली असतात. यीस्टच्या भित्तिकेतील ग्लुकानला कोळंबीच्या रक्तपेशी प्रतिसाद देतात, हे खोटे नव्हे. पण तळाशी सडके खाद्य साचले आहे, अमोनिया चढला आहे आणि पहाटे विरघळलेला प्राणवायू संपत आल्याने मासे पृष्ठभागावर तोंडे उघडून धापा टाकताहेत, अशा तळ्यात ते पाकीट रिकामे करणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे, आणि तेही अक्षरशः. कोळंबी कात टाकते त्या रात्री तिचे अंग मऊ असते. गर्दी असेल तर शेजारीणच तिला खाते, आणि खाल्लेल्या रोगट अंगातून रोग पुढे जातो. सबब विरळ संचयन, लपायला आडोसे, मेलेली जनावरे रोजच्या रोज उचलणे, हाच तेथला खरा बंदोबस्त.

बीजकेंद्रात त्याचा अर्थ असा की प्रत्येक जननक्षम मादीची विषाणूसाठी पीसीआर तपासणी करून, दूषित निघाली तर ती अंड्यांसकट टाकून द्यायची. ती डौलदार आणि महागडी असते, म्हणून हात कचरतो. शेतकऱ्याने बीज घेताना तपासणीचा दाखला मागावा. तो नसेल तर स्वस्त बीजाचा मोह सोडून दुसऱ्या केंद्राची वाट धरावी, आणि आणलेले बीज तळ्यात सोडण्यापूर्वी काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवून त्याच्या शेपट्या पाहाव्यात.